सूनबाईंना दवाखानाही हवा नि संशोधनही!

पैठणहून एका भगिनीचं चांगलं सहा पानी पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून आपण त्यांना 'पैठणच्या ताई' म्हणू. सगळं पत्र छापायला इथं जागा नाही. मुद्द्याचा भाग असा :

"माझी सून डॉक्टर आहे. एमबीबीएस झाल्यावर लग्न झालं. पुढं तिला एमडीला जागा मिळाली, तीही संभाजीनगरला, म्हणजे घरापासून पन्नास किलोमीटरवर. आम्ही आनंदानं 'हो' म्हटलं. नातू तेव्हा दीड वर्षाचा होता, तो माझ्याजवळच वाढतो आहे. मुलाचं गावात औषधांचं दुकान आहे. कर्ज काढून दुकानावर मजला चढवला, तो सूनबाईंच्या दवाखान्यासाठीच. एमडी पुरी व्हायला आता एक वर्ष राहिलं. आणि मागच्या महिन्यात ती म्हणाली, 'आई, मला पुढं संशोधन करायचंय. पीएचडी करीन म्हणते.' मला काही बोलायलाच सुचेना. माझे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. शेजारणी म्हणतात, एवढी शिकली, आता दवाखाना टाकायचा सोडून पुन्हा वह्या-पुस्तकं कशाला? एक ना धड भाराभर चिंध्या! मी तिला नाही म्हणू का? आणि नाही म्हटलं तर मी जुन्या वळणाची सासू ठरेन का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जुन्या वळणाची सासू सहा पानं लिहून विचारत बसत नाही, ती सांगून मोकळी होते. तुम्ही दोन वर्षं नातवाला सांभाळलंत, म्हणून सूनबाई रात्रपाळ्या करू शकल्या. या शिक्षणात तुमचा वाटा आहे, तेव्हा पुढच्या बेताबद्दल विचारण्याचा हक्कही तुम्हाला आहे. फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी हे प्रकरण नीट समजून घेऊ या. कारण तुमच्या शेजारणी समजतात तसं ते नाही, आणि कदाचित सूनबाई समजतात तेवढं सोपंही नाही.

डॉक्टरांचं संशोधन म्हणजे काय?

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काचेच्या नळ्या, पांढरे उंदीर आणि जाड भिंगांचा चष्मा येतो. तेही संशोधनच. पण डॉक्टरांचं पुष्कळसं संशोधन रोग्याच्या खाटेशी सुरू होतं. शंभर रोग्यांना जे औषध लागू पडतं, ते दहाजणांना का पडत नाही? दोघींना एकच आजार, मग एक बरी झाली आणि दुसरी का नाही? प्रत्येक डॉक्टरच्या मनात असे प्रश्न येतात. ओपीडीची रांग मोठी असते, म्हणून ते तिथंच विरून जातात. एखादा डॉक्टर मात्र प्रश्न वहीत टिपून ठेवतो, पुढच्या रोग्याच्या वेळी तीच गोष्ट पुन्हा पाहतो, मोजतो, नोंदतो. संशोधनाची सुरुवात एवढीच असते.

तुम्ही पैठणच्या, म्हणून उदाहरण विंचवाचं देते. नाथांचं विंचवाचं भारूड तुमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक असेल. नाथांचा विंचू होता काम-क्रोधाचा. पण खऱ्या लाल विंचवानं आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, किती लेकरं नेली याचा हिशेब नाही. रोगी यायचा तो घामानं डबडबलेला, ओकाऱ्या होत असलेला, हातपाय बर्फासारखे गार. आधी रक्तदाब वर जायचा, मग हृदय थकायचं, फुप्फुसांत पाणी भरायचं आणि बघता बघता खेळ आटपायचा.

महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर आले, हिंमतराव बावस्कर. हे तुमच्याच बाजूचे. भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव. आज ते जालना जिल्ह्यात आहे, पण १९८१ पर्यंत तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. नागपूरहून एमबीबीएस होऊन आलेल्या या डॉक्टरांनी विंचवाच्या रोग्यांजवळ बसून नोंदी करायला सुरुवात केली. रक्तदाब किती, नाडी किती, घाम कधी सुटला, धाप कधी लागली. त्यातून त्यांनी धोक्याची आधीची लक्षणं शोधून काढली, आणि १९८२ साली तो लेख विलायतेच्या 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

दरम्यान पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांनी एमडी केली आणि पुन्हा त्याच भागात परतले. आता शिक्षण होतं, आणि जुन्या नोंदीही होत्या. विंचवाच्या विषानं शरीरातलीच अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो. मग रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी 'प्राझोसिन' नावाची साधी गोळी का देऊ नये? त्यांनी ती दिली, आणि रोगी वाचू लागले. १९८६ साली याचाही लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी विष भिनलेल्या शंभर रोग्यांतले तीसेक दगावत. या उपचारानंतर ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली. पुढं २०११ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी सत्तर रोग्यांवर रीतसर तुलना केली. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला त्याबरोबर विंचवाच्या विषावरची प्रतिलसही. दोन्ही दिलेले रोगी लवकर सावरले. तो लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला गेला. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. (भगिनींनो, हे वाचून कुणी घरातल्या बीपीच्या गोळ्या विंचवावर देऊ नका. विंचू चावला की तडक दवाखाना, दुसरं काही नाही.)

हे एवढं विस्तारानं का सांगितलं? कारण शेजारणींच्या 'भाराभर चिंध्यां'ना हे उत्तर आहे. बावस्करांनी रोगी तपासणं एक दिवस सोडलं नाही. नुसता दवाखाना चालवला असता तर त्यांच्या दारात पोचलेले रोगी वाचले असते. नोंदी ठेवल्या, छापल्या, म्हणून ज्यांनी महाड कधी पाहिलंही नाही असे रोगीही वाचले.

बाईमाणसाला झेपतं का?

हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण पत्राच्या चौथ्या पानावर तो ओळींमधून डोकावतो आहे!

आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टरकीची पदवी घेतली, तेव्हाही प्रबंध लिहिला होता, आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे आपली पहिली डॉक्टरीणबाईसुद्धा वही-पुस्तक घेऊनच उभी राहिली.

जवळच्या काळातलं उदाहरण डॉ. राणी बंग यांचं. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ, नागपूरला एमडी झालेल्या. पती डॉ. अभय बंगही एमडी. सरळ नागपुरात दोन पाट्या लावल्या असत्या तर काही कमी पडलं नसतं. पण दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले. तिथं लोकांच्या आरोग्याचे प्रश्न मोजायचे कसे हे शिकवतात. आल्यावर थेट गडचिरोली गाठली.

तिथं राणीताईंनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नव्हे हं, गावात राहणाऱ्यांची. तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि जगभरच्या डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या शंभरातल्या फक्त ८! बायका अंगावर दुखणं काढतात हे आपल्याला काय नवीन आहे? आपल्या आया-मावश्यांनी तेच केलं. पण जोवर ते कुणी मोजलं नव्हतं, तोवर सरकारच्या लेखी ते दुखणं नव्हतंच. आणि गावच्या बायकांनी तपासून घेतलं, कारण तपासणारी बाई होती आणि तज्ज्ञ डॉक्टर होती. नुसत्या आकडेमोड करणाऱ्याला हे जमलं नसतं, आणि नुसती प्रॅक्टिस करणाऱ्याला ते करायची गरज वाटली नसती.

याच जोडप्यानं पुढं खेड्यातल्या बायकांना शिकवून तान्ह्या बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई येऊन बाळाचं वजन करतात, अंग गार पडलंय का बघतात, त्यामागं गडचिरोलीचं हे काम आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शरदिनी डहाणूकर आपल्यापैकी पुष्कळजणींना त्यांच्या झाडाफुलांवरच्या मराठी लिखाणामुळं माहीत असतील. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. आपल्या कुंपणावरची गुळवेल त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत नेली, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या जोडीनं काविळीच्या रोग्यांवर तिची रीतसर पारख केली. आजीबाईचा बटवा उघडायचा तोही मोजमाप हातात घेऊन. (इथंही तीच सूचना : आपल्या मनानं काढे करून पिऊ नका.)

तेव्हा, झेपतं. पण कुणाच्या आधारानं झेपतं, हे बघायला हवं.

कुठं करणार, हे आधी विचारा

सूनबाईंना 'पीएचडी करणार का' यापेक्षा 'कुठं आणि कुणाजवळ करणार' हा प्रश्न मोठा आहे. का, ते दोन डॉक्टरांच्या गोष्टीवरून कळेल.

कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय हे डॉक्टर होते आणि त्यांनी दोन पीएचडी मिळवल्या होत्या, एक कोलकात्याची, एक एडिंबराची. जगातली पहिली टेस्टट्यूब बेबी १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये जन्मली. त्यानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, मुखोपाध्यायांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. पण त्यांच्या पाठीशी भक्कम संस्था नव्हती, जवळ मोजके सहकारी आणि साधी साधनं. सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. परदेशी जाऊन आपलं काम मांडायला परवानगी मिळाली नाही. बदली झाली तीही डोळ्यांच्या संस्थेत. १९८१ साली या माणसानं आपलं आयुष्य संपवलं.

मुंबईत मात्र परळला केईएम रुग्णालय आणि प्रजननविषयक संशोधनाची सरकारी संस्था अगदी शेजारी शेजारी. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि संस्थेत शास्त्रज्ञ डॉ. आनंद कुमार. इकडे रोगी बायका, तिकडे प्रयोगशाळा, मध्ये चार पावलांचं अंतर. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये 'हर्षा' जन्मली. हिंदुजाबाईंनी याच विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएचडीही मिळवली. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरकी आणि संशोधन एकाच जागी, एकाच रोग्यांच्या रांगेतून!

गोष्टीचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. मुखोपाध्यायांच्या जुन्या टिपणवह्या पुढं आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्या वाचून १९९७ साली त्यांनी स्वतः जाहीर केलं, की भारतातल्या पहिल्या टेस्टट्यूब बेबीचा मान माझ्याकडे नको, तो मुखोपाध्यायांचा. वह्या राहिल्या होत्या म्हणून न्याय झाला, पण फार उशिरा.

म्हणून ताई, सूनबाई जिथं जाणार तिथं रुग्णालय आणि प्रयोगशाळा जवळ आहेत का, मार्गदर्शक विद्यार्थ्यांना वेळ देतात का, त्यांच्या हाताखालून आधीचे किती विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, हे तिला विचारा. हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. मुलगी देताना आपण घराणं पाहतोच ना!

किती वर्षं? किती पैसे?

आता हिशेबाला बसू. एमडी तीन वर्षांची, आणि तिच्यात प्रबंध लिहावाच लागतो. चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थेचा संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रमही एमडीच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा केलेला आहे. म्हणजे सूनबाई संशोधनाचे धडे आत्ताही गिरवतच आहेत, ही काही आकाशातून पडलेली हौस नाही.

पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, जास्तीत जास्त सहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : नोकरी सांभाळूनही पीएचडी करता येते, मात्र नोकरीच्या ठिकाणाची लेखी संमती लागते.

त्यामुळं 'दवाखाना की संशोधन' अशी दोनच दारं नाहीत. तिसरं दार आहे वैद्यकीय महाविद्यालयातल्या नोकरीचं. एमडीनंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून काढलं, की साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. तिथं रोगी तपासायचे असतात, विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं, आणि बढतीसाठी शोधनिबंध लागतातच. रोजचं काम आणि संशोधन एकाच छपराखाली. पगार दरमहा ठरलेला. सूनबाईंना सरकारी बंधपत्राची सेवा करायची असेल, तर तीही अशा रुग्णालयात करता येते का, हे तिनं आत्ताच चौकशी करून ठेवावं. एमडी, बंधपत्र, नोकरी आणि पीएचडी ही चार ओझी एकापुढं एक रचली तर डोंगर दिसतो. एकात एक बसवली तर वर्षं वाचतात.

आता कडू गोष्ट. पैसा कमी मिळेल. तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एमडी डॉक्टरच्या दवाखान्याइतकी कमाई प्राध्यापकीत किंवा संशोधनात होत नाही, आणि नुसत्या विद्यावेतनावर पीएचडी केली तर त्याहून कमी. हे पाच वर्षांपुरतं नाही, बहुधा कायमचंच. घरावर कर्ज असताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सूनबाईंनी आणि तुमच्या चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेऊन कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि येणारा पगार एकाखाली एक मांडावा.

वरच्या मजल्याचं काय? तो रिकामा ठेवू नका. दोन-तीन वर्षांच्या करारानं एखाद्या दातांच्या डॉक्टरला किंवा रक्ततपासणीच्या लॅबला भाड्यानं द्या. हप्त्याला हातभार लागेल, खालच्या दुकानात गिऱ्हाईक येत राहील, आणि सूनबाईंवरचं 'माझ्यासाठी बांधलेला मजला ओस पडला' हे ओझंही उतरेल. सरकारी नोकरी घेतली तर खासगी दवाखान्यावर बंधनं असतात, ते नियम आधीच विचारून घ्या. संध्याकाळी वर बसेन म्हणून कुणी गृहीत धरू नका.

तुमचे गुडघे आणि तुमचे चिरंजीव

आता तुमच्याबद्दल. ताई, मी तुम्हाला 'त्याग करा' असं सांगणार नाही. असला सल्ला देणं सोपं असतं, कारण गुडघे दुसऱ्याचे असतात!

मुलाच्या मागं धावणं तुम्हाला जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. कुरकुरत सांभाळलेलं मूल आणि मनात धरलेली अढी, दोन्ही घराला महाग पडतात. नातू आता साडेतीन वर्षांचा, बालवाडीत जाईल. सकाळचे चार तास तुमचे मोकळे. दुपारपासून संध्याकाळपर्यंत एक मदतनीस बाई ठेवा, आणि तिचा पगार सूनबाईंच्या विद्यावेतनातून द्यायचा असं ठरवा. सूनबाईंना ते देण्यात कमीपणा वाटणार नाही, उलट बरं वाटेल. गुडघ्यांचं म्हणाल तर घरात एमडीची विद्यार्थिनी असताना तुम्ही अजून ते दाखवलेत का? बहुतेक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि एक गोष्ट मला खटकली. सहा पानी पत्रात चिरंजीवांचा उल्लेख आहे तो दुकानापुरता. मूल त्यांचंही आहे ना? दुकान गावातच आहे, बायको पन्नास किलोमीटरवर. नातवाची संध्याकाळची अंघोळ, जेवण, गोष्ट सांगून झोपवणं, दुकानाच्या सुट्टीचा अख्खा दिवस, हे सगळं बापाकडं सोपवा. पहिला आठवडा दोघंही रडतील, दुसऱ्या आठवड्यात जमेल. पुण्या-मुंबईच्या घरांतच बाप मुलांना भरवतात असं थोडंच आहे! बावस्कर काय, बंग काय, या जोडप्यांच्या कामात नवरा-बायको दोघांचे हात होते हे विसरू नका.

एमडी संपली की रात्रपाळ्यांचा ताण थोडा हलका होईल. तेव्हा नातवाला आईजवळ शहरातल्या शाळेत घालायचं, की सूनबाईंनी एसटीनं जायचं-यायचं, हे त्या वेळी ठरवा. मात्र रोजच्या शंभर किलोमीटरच्या प्रवासावर पीएचडी होणं कठीण, हे आधीच ध्यानात घ्या. संशोधन प्रवासानं थकलेल्या डोक्यानं होत नाही.

दोन शब्द सूनबाईंना

सूनबाई, हे पान तुमच्याही हाती पडेल, म्हणून सांगते. 'सर म्हणाले, पीएचडी कर' हे कारण पुरेसं नाही. तुमचा प्रश्न कोणता? कोणत्या रोग्याला पाहून तो पडला? सासूबाईंना समजेल अशा मराठीत तो चार वाक्यांत सांगता येतो का बघा. येत नसेल तर अजून विषय पक्का झालेला नाही असं समजा आणि आणखी थोडे दिवस वॉर्डात नोंदी करा. नावापुढं आणखी एक पदवी हवी म्हणून, किंवा दवाखाना टाकायची धास्ती वाटते म्हणून संशोधन करायचं असेल, तर करू नका. त्यापेक्षा पैठणच्या रोग्यांना एक चांगली एमडी डॉक्टर मिळू द्या, तेही मोठंच काम आहे. आणि दवाखाना टाकला तरी नोंदवही ठेवाच. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

घरच्यांना मुदत सांगा. 'बघू, होईल तसं' म्हणू नका. अमुक महिन्यात एमडीचा निकाल, अमुक महिन्यापर्यंत नोकरीचे अर्ज, वर्षअखेरीस पीएचडीची नोंदणी झाली नाही तर पुन्हा बसून विचार करायचा, असं तारखेनिशी सांगा. ज्यांच्या जिवावर आपण वेळ काढतो, त्यांना तो कधी संपणार हे कळलं पाहिजे.

ताई, मग काय करायचं?

सूनबाई सुट्टीला घरी येतील तेव्हा चिरंजीवांनाही दुकान तासभर लवकर बंद करायला सांगा आणि तिघं बसा. हे प्रश्न एका कागदावर लिहून समोर ठेवा : विषय काय? मार्गदर्शक कोण आणि कसे? काम कुठल्या संस्थेत? आठवड्यातले किती दिवस रोगी, किती दिवस संशोधन? नोकरी सांभाळून की विद्यावेतनावर? किती वर्षं? हप्ता कोण भरणार? आणि बाळाच्या संध्याकाळी कुणाच्या?

या आठांपैकी सहांची उत्तरं नीट मिळाली तर 'हो' म्हणा, आणि मोकळ्या मनानं म्हणा. उरलेल्या दोहोंची पुढं सापडतील. तीन-चारच मिळाली, तर 'नाही' म्हणू नका, 'सहा महिन्यांनी पुन्हा बोलू' म्हणा. एमडीचं वर्ष अजून हाती आहे, घाईचं कारण नाही. तुमच्या गावात एकेका पैठणीला माग महिनोन्महिने अडकून राहतो. अर्ध्या पदराशी येऊन 'अजून किती दिवस' असं विणकराला कुणी विचारत नाही, पण विणायला बसण्याआधी रेशीम किती लागेल आणि मजुरी किती पडेल हे ठरलेलं असतं. इथंही तसंच करा.

आणि शेजारणींनी पुन्हा भाराभर चिंध्यांचं नाव काढलं, तर त्यांना विंचवाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी मुलगी, सून किंवा जाऊ अशी शिकते आहे का? मुलांची, पैशाची, घरातल्या कामांची वाटणी तुम्ही कशी बसवलीत? जरूर कळवा. निवडक पत्रांना पुढच्या अंकांतून याच पानावर जागा देऊ. पैठणच्या ताई, तुमच्या बैठकीत काय ठरलं तेही कळवा, आणि गुडघे दाखवलेत का, तेही!